४८ व्होल्ट फँटम सप्लाय : कंडेन्सर माइक लावला की १०० हर्ट्झची घरघर

खर्ज (धागाकर्ता)

जुन्या मिक्सरला फँटम (कंडेन्सर माइकला त्याच्याच केबलमधून दिला जाणारा ४८ व्होल्ट डीसी) नाही, म्हणून चार चॅनेलचा वेगळा डबा बांधला आहे. पखवाज, टाळ, हार्मोनियम आणि कोरस असे चार कंडेन्सर माइक त्यावर चालवायचेत.

सर्किट असं. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ५०० मिलिअँप, मधली तार मोकळी सोडून टोकांवर ४८ व्होल्ट एसी. १एन ४००७ डायोडचा ब्रिज, ४७० मायक्रोफॅरड १०० व्होल्ट, त्यावर ६८ व्होल्ट डीसी. पुढे दीड के (किलोओहम) मधून सिरीजमध्ये २४ व्होल्टचे दोन झेनर (१एन ४७४९), झेनरच्या डोक्यावर बीडी १३९ ट्रान्झिस्टरचा बेस. एमिटरवर १० मायक्रोफॅरड, आउटपुट ४७.४ व्होल्ट. तिथून प्रत्येक चॅनेलला ६.८ के चे दोन रेझिस्टर, ५ टक्के कार्बन. मिक्सरकडे जाणाऱ्या दोन्ही तारांत १० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट.

कंडेन्सर माइक लावून गेन ५०-६० डीबीवर नेला की घरघर सुरू. डायनॅमिक माइक त्याच चॅनेलला, डबा बंद ठेवून, शांत. आउटपुटवरचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लाट) मल्टीमीटरच्या एसी रेंजवर, मध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घालून मोजला : ९ मिलिव्होल्ट. हाच गुन्हेगार का? असेल तर रेग्युलेटर बदलू की फिल्टर वाढवू?

---

तिसरी घंटा

आधी सप्लायला दोष द्यायचा की नाही ते पक्कं करा. नऊ व्होल्टच्या पाच चौकोनी बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. ४५ होतात, नव्या कोऱ्या असतील तर ४७ च्या आसपास. ४८ च्या फँटमला ४४ ते ५२ चालतं, त्यामुळे माइकची तक्रार नसते. बीडी १३९ चा एमिटर सोडवा आणि बॅटरी थेट ६.८ के च्या जोडावर द्या. ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढलेला असू दे.

बॅटरीवर घरघर गेली तर सप्लाय. तशीच राहिली तर केबल, अर्थिंग किंवा माइक, आणि मग रेग्युलेटर बदलून हात पोळून घ्यायची गरज नाही.

दुसरं, आवाज कानाने ओळखू नका. रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज) बघा. १०० ची रेघ उंच आणि पुढे २००, ३०० असेल तर ब्रिजनंतरचा रिपल. ५० ची रेघ उंच असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि कानाला दोन्ही 'हम'च वाटतात.

---

खर्ज

बॅटरीवर १०० पूर्ण गेलं. ५० ची एक बारीक रेघ दिसते, पण ऐकू येत नाही. म्हणजे सप्लायच.

---

सोल्डरगन

झेनर-फॉलोअर (झेनर आणि बीडी १३९ ची जोडगोळी) काढून टाका आणि टीएल ७८३ हा रेग्युलेटर आयसी लावा. एलएम ३१७ इथे नको. इन-आउटमध्ये त्याला ४० व्होल्टची मर्यादा आहे आणि चालू करताना आउटपुटचा कपॅसिटर रिकामा असतो, म्हणजे त्या क्षणी पूर्ण ६८ त्याच्या अंगावर. एकदा चालेल, दहाव्यांदा जाईल. टीएल ७८३ ला १२५ पर्यंत मुभा आहे.

किमान १५ मिलिअँपचा लोड त्याला लागतो, तो डिव्हायडरमधूनच द्या. आउटपुट ते अ‍ॅडजस्ट ८२ ओहम, अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड ३ के. १.२७ व्होल्टचा रेफरन्स आणि अ‍ॅडजस्ट पिनचा ८० एक मायक्रोअँप धरून हिशोब बरोबर ४८ वर येतो. त्या ३ के वर पाऊण वॉट जळतो, म्हणून दीड के १ वॉटचे दोन सिरीजमध्ये. चार माइक प्रत्येकी पूर्ण १० मिलिअँप ओढत असले तरी आयसीवर वॉट-सव्वा वॉट. छोटा हीटसिंक पुरे, पण पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, तेव्हा अभ्रक आणि बुशिंग विसरू नका.

अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड टाकला की रिपल आणखी खाली.

---

ओहमकार

>> अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड

ही सवय एलएम ३१७ ची. तिथे त्या कपॅसिटरने रिपल रिजेक्शन ६५ वरून ८० डीबीवर जातं, म्हणून सगळे डोळे मिटून टाकतात. टीएल ७८३ च्या डेटाशीटमध्ये उत्पादकानेच तो टाकू नका म्हटलंय : लोड बदलताना प्रतिसाद बिघडतो आणि संरक्षणाचे जादा डायोड लागतात. त्याला इनपुटपाशी १ मायक्रोफॅरड द्या आणि फिल्टर रेग्युलेटरच्या *नंतर* लावा.

नंतरच का? रेग्युलेटर स्वतःही आवाज करतो. एलएम ३१७ चा स्वतःचा नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के असतो. ५ व्होल्टला हे नगण्य, ४८ ला १.४ मिलिव्होल्ट. रिपल जाईल, 'सुस्स' राहील. म्हणून रेग्युलेटरपुढे ४७ ओहम आणि २२० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट. १५ हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं, १ किलोहर्ट्झवर ३६ डीबी कमी. चारही माइक पूर्ण ओढत असताना ४७ ओहमवर १.९ व्होल्ट पडतात, म्हणजे ४६ उरतात. चालतं.

पण खर्ज, तुमच्या बाबतीत मी एवढा खटाटोप करणार नाही. आहे त्या सर्किटमध्ये झेनर आणि बेस यांच्यामध्ये २.२ के घाला आणि बेसपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट. दोन पार्ट. हा फिल्टर पाऊण हर्ट्झपासून काम करतो, १०० हर्ट्झवर कागदावर ४३ डीबी. झेनरचा स्वतःचा नॉइजही त्यातच अडकतो. (२४ व्होल्टचा झेनर म्हणजे अ‍ॅव्हलांश, म्हणजे पावसाचा आवाज. सिरीजमध्ये दोन म्हणजे दोन पाऊस.) बेस करंट अर्ध्या मिलिअँपच्या आत, त्यामुळे व्होल्टही एखाददुसराच पडतो. कपॅसिटर थेट झेनरवर लावलात तर तेवढा फायदा नाही, कारण त्याला झेनरच्याच ५० ओहमशी झगडावं लागतं.

---

सोल्डरगन

डेटाशीट पुन्हा उघडून बघितलं. बरोबर आहे, अ‍ॅडजस्टचा कपॅसिटर मागे घेतो. बाकी आकडे तेच.

---

ओहमकार

आता मूळ मुद्दा, जो अजून कुणी काढला नाही. ९ मिलिव्होल्ट रिपल असूनही तो *ऐकू यायलाच नको होता*.

फँटम दोन्ही तारांवर सारखा जातो. रिपलही एक्सएलआरच्या (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर, पिन १ ग्राउंड, २ आणि ३ सिग्नल) पिन २ आणि पिन ३ वर सारखाच चढतो आणि मिक्सरचा इनपुट फक्त दोघांतला फरक बघतो. फरक शून्य तर घरघर शून्य. फरक येतो तो दोन ६.८ के एकसारखे नसले की. म्हणून तर आयईसी ६१९३८ या मानकामध्ये त्या जोडीत ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत चालत नाही. ६.८ के चा नेमका आकडा तितका महत्त्वाचा नाही, जोडी महत्त्वाची.

हिशोब करून बघा. माइकचा आउटपुट १५० ओहम, म्हणजे तारेला ७५. ६.८ के मधून येणारा रिपल त्या ७५ वर पडतो, ९२ वा हिस्सा उरतो : ९ मिलिव्होल्टचे साधारण ९८ मायक्रोव्होल्ट, दोन्ही तारांवर. जोडीत ४ टक्के तफावत असेल तर इनपुटला फरक ४ मायक्रोव्होल्टचा. १५० ओहमचा स्वतःचा उष्णतेचा नॉइज, २० किलोहर्ट्झपर्यंत, ०.२२ मायक्रोव्होल्ट. घरघर त्याच्या २५ डीबी वर बसली, ऐकू येणारच. तीच तफावत ०.१ टक्का करा, रिपलला हात न लावता घरघर त्या नॉइजच्या खाली जाते.

तुमच्या डब्यात ५ टक्केवाले आहेत. एक +५, एक −५ निघाला तर १० टक्के.

मोजायची सोपी रीत : माइक काढा, स्पीकर बंद, मिक्सरकडची केबल काढलेली. मल्टीमीटर २० मिलिअँप डीसी रेंजवर. पिन १ आणि पिन २ मध्ये लावा, आकडा लिहा. मग पिन १ आणि पिन ३. ४८ व्होल्टला ७ च्या आसपास यायला हवा, आणि दोन आकड्यांतला फरक ०.०३ च्या आत. चारही चॅनेलचे आकडे इथे द्या.

---

खर्ज

चॅनेल १ : ७.०२ आणि ६.७४
चॅनेल २ : ६.९१ आणि ६.९५
चॅनेल ३ : ६.८० आणि ७.०६
चॅनेल ४ : ६.९६ आणि ६.९७

आणि घरघर १ आणि ३ वर जास्त, ४ वर जवळजवळ नाही! आधी हे माइकमुळे वाटत होतं.

---

तिसरी घंटा

हे आकडे शाळेत शिकवायला हवेत. चौथ्या चॅनेलला तोच घाणेरडा सप्लाय आहे आणि तरी तो शांत आहे.

---

मेगाओहम

ओहमकारांच्या हिशोबात एक पुरवणी. तारेला ७५ ओहम *जमिनीकडे* हे गृहीतक सगळ्या माइकांना लागू नाही. ज्यात एकच तार सर्किटने चालवलेली असते आणि दुसरी नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरने जमिनीला बांधलेली असते, किंवा दोन्ही तारा एमिटर फॉलोअरवर असतात, तिथे ते बरोबर बसतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या माइकमध्ये फँटम मधल्या टॅपवरून आत जातो. तिथे दोन्ही तारांना जमिनीकडे जायची वाट लांबची असते, रिपल दोन्हींवर तसाच उभा राहतो पण करंट फार वाहत नाही, आणि तफावतीतून फरकही कमी निघतो. म्हणून तोच डबा एका माइकवर घरघरतो आणि दुसऱ्यावर नाही. माइक बदलून 'आधीचा माइक खराब' असा निकाल देऊ नये.

दुसरी गोष्ट, कार्बन फिल्म तसेही काढाच. डीसी वाहत असताना कार्बन स्वतः खरखरतो. हा नॉइज प्रत्येक रेझिस्टरचा आपापला, दोन्ही तारांवर सारखा नसतो, त्यामुळे जोडी कितीही जुळवली तरी तो वजा होत नाही. मेटल फिल्म घ्या, अर्ध्या वॉटचे. पाव वॉटचे घेऊ नका : केबल शॉर्ट झाली की ४८ व्होल्ट थेट ६.८ के वर, म्हणजे ०.३४ वॉट. पाव वॉटचा लगेच जळत नाही, तापून हळूहळू किंमत बदलतो, आणि मग सहा महिन्यांनी एकाच चॅनेलवर घरघर का आली याचा शोध चालू होतो.

---

पाटातलीभांडी

>> मेटल फिल्म घ्या

६.८१ के १ टक्का सगळीकडे मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ६.८ के १ टक्का अर्ध्या वॉटची शंभराची पट्टी मागा. आठ हवेत म्हणून आठच घेऊ नका, शंभरात जोड्या छान निघतात. (आणि काउंटरवर कपॅसिटरला 'कंडेन्सर'च म्हणा. फक्त त्याच वाक्यात कंडेन्सर माइक म्हणालात की गोंधळ.)

जोड्या जुळवायला महाग मीटर नको. साध्या साडेतीन आकडी मीटरवर ६.८० च्या पुढचा आकडा दिसत नाही, म्हणून ब्रिज करा. नऊ व्होल्टची बॅटरी. तिच्यावर ६.८ के चे कुठलेही दोन सिरीजमध्ये, ही एक बाजू, कायम. दुसऱ्या बाजूला एक कायमचा ६.८ के आणि त्याच्याखाली दोन मगरचिमट्यांत तपासायचा नग. दोन्ही बाजूंच्या मधल्या बिंदूंत मीटर २०० मिलिव्होल्ट रेंजवर. प्रत्येक नगाचा आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्याच्याच पायाला टोचा. ०.१ टक्क्याला सव्वादोन मिलिव्होल्ट सरकतात. ज्या दोघांचे आकडे २ मिलिव्होल्टच्या आत, ती जोडी. पूर्ण पट्टी तासाभरात होते.

नग बोटांत धरून मोजू नका. चिमट्यात लावा, हात काढा, आकडा स्थिरावू द्या. हाताच्या उबेनेही शेवटचा आकडा हलतो.

---

ओहमकार

+१. डाग देतानाही दोघांना सारखेच जवळ ठेवा. एक बीडी १३९ च्या हीटसिंकला चिकटलेला आणि दुसरा डब्याच्या कोपऱ्यात असला तर जुळवणीवर पाणी.

आणि मिक्सरकडच्या तारांतले ते १० मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर बदला. इलेक्ट्रोलिटिकला २० टक्के टॉलरन्स असतो. ५० हर्ट्झला १० मायक्रोफॅरड म्हणजे ३१८ ओहम, त्याचे २० टक्के ६४. मिक्सरच्या इनपुटला तारेमागे हजारभर ओहम असतात, म्हणजे खालच्या पट्टीत ६ टक्क्यांची तफावत तुम्ही कपॅसिटरनेच परत आणलीत. ४७ मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट घाला, १०० असेल तर उत्तम. प्लस माइकच्या बाजूला. मिक्सरच्या बाजूला प्रत्येक तारेवरून ग्राउंडला २२ के, म्हणजे कपॅसिटर आधीच चार्ज होऊन बसतो आणि केबल जोडताना धाडकन आवाज होत नाही.

जुना साठा घेऊ नका. कपॅसिटर गळका असला की डीसी झिरपतो, आणि मग गेनचा नॉब फिरवताना करकर येते. ती नॉबची करकर नाही, हे मीटरने लगेच कळतं : माइक लावलेला, फँटम चालू, कपॅसिटरच्या मिक्सरकडच्या पायावर डीसी मोजा. ५-१० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर कपॅसिटर बदला.

---

एकतारी

जरा बाजूचा प्रश्न. पॉवर बँकेवर चालणारा ४८ व्होल्ट हवा आहे, वारीत चालता-चालता रेकॉर्डिंगसाठी. बाजारातला तयार बूस्ट बोर्ड (व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर) लावला तर बारीक शिट्टी येते. लोड कमी असताना जास्त.

---

मेगाओहम

बोर्डावर एमसी ३४०६३ हा कन्व्हर्टर आयसी असेल तर ते त्याचं जन्मजात लक्षण. तो लोडप्रमाणे पल्सची रुंदी बदलत नाही, व्होल्टेज पुरलं की पल्सच गाळतो. एक माइक म्हणजे ३-४ मिलिअँप, एवढ्या कमी लोडला तो थोडे पल्स देतो आणि झोपतो, आणि त्या झोप-जागेचा वेग ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरतो. आउटपुटवर ३.३ के २ वॉटचा जादा लोड लावून बघा. पॉवर बँक लवकर रिकामी होईल, पण शिट्टी वर सरकेल किंवा जाईल.

ठरलेल्या वेगाने चालणारे, ४०० किलोहर्ट्झ वगैरे, त्यातल्या त्यात बरे. तो वेग कानाच्या बाहेर असतो, पण माइकमधला एफईटी (पहिला ट्रान्झिस्टर) रेडिओसारखा त्याला डिटेक्ट करू शकतो. आणि एकाच डब्यात दोन कन्व्हर्टर असतील, एक ४०० वर आणि दुसरा ४०३ वर, तर फरकाची ३ किलोहर्ट्झची शिट्टी स्वच्छ ऐकू येते. दोन माइकांसाठी दोन बोर्ड लावू नका, एकच लावा.

फिल्टर दोन्ही बाजूंना हवा. सगळे आउटपुटलाच लावतात. बूस्ट कन्व्हर्टर बॅटरीकडून धक्क्याधक्क्याने करंट ओढतो, आणि रेकॉर्डर त्याच पॉवर बँकेवर असेल तर तो धक्का ग्राउंडमधून आत शिरतो. इनपुटला १०० मायक्रोहेन्री आणि ४७० मायक्रोफॅरड. आउटपुटला १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, असे दोन टप्पे. कॉइल बंद कवचाची. आणि तयार बोर्डावरचा आउटपुट कपॅसिटर वाचा आधी, पुष्कळांवर ३५ किंवा ५० व्होल्टचा असतो. ४८ साठी ६३ चा बदलून घ्या.

---

तिसरी घंटा

शिट्टी नेमकी १ किंवा ८ किलोहर्ट्झवर असेल तर कन्व्हर्टर निर्दोष, यूएसबीची आहे. यूएसबीचा डेटा १ मिलिसेकंदाच्या चौकटीत जातो, हाय-स्पीडला १२५ मायक्रोसेकंदांच्या. तो ठोका पाच व्होल्टच्या लाइनवर उमटतो आणि तिथून इंटरफेसच्या फँटमपर्यंत. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावला तर बहुतेक वेळा कमी होतो.

नाट्यगृहात आणखी एक पाहुणा असतो : डिमर, म्हणजे दिवे मंद करणारं यंत्र. फूट माइक आणि डिमरची केबल रंगमंचाच्या कडेने एकत्र पळवली की १०० च्या पटीतला तिखट बझ येतो, तो दिवे मंद होताना वाढतो. फँटम सप्लाय खोलून काहीही सापडणार नाही. अर्धा मीटर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

---

समुद्रकाठ

पावसाळ्यात कोकणात येणारी पटपट-फटफट पण लोक फँटमच्या माथी मारतात. दोन जागा बघा. एक, एक्सएलआरच्या पिना. डायनॅमिक माइकच्या तारेतून डीसी वाहत नाही, कंडेन्सरच्या वाहतो, त्यामुळे गंजलेल्या पिनेवरची खरखर फक्त कंडेन्सरवर येते. कनेक्टर हलवल्यावर बदलली तर हेच. कॉन्टॅक्ट क्लीनर, दहा वेळा आत-बाहेर. दोन, खुद्द कॅप्सूल. तिथे गिगाओहमचे रेझिस्टर असतात, दमट हवेत पृष्ठभागावरून गळती होते. माइक सिलिका जेलसोबत बंद डब्यात एक रात्र ठेवा. फटफट गेली तर सप्लायला क्लीन चिट.

---

पाटातलीभांडी

अवांतर : ४८ हाच आकडा का, हे कुणाला माहीत नसेल तर. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी ट्रान्झिस्टरचा माइक केला. तिथे स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच फिरवलेला होता. तोच वापरला. म्हणजे आपण पखवाजाला लावतोय ते नॉर्वेच्या काळोखाचं व्होल्टेज.

---

खर्ज

काम झालं, आकडे देतो.

बेसला २.२ के आणि १०० मायक्रोफॅरड. आउटपुट ४६.६. रिपल माझ्या मीटरला आता दिसतच नाही, शेवटचा आकडा ० आणि १ मध्ये नाचतो. ६.८ के मेटल फिल्मच्या चार जोड्या ब्रिजवर जुळवल्या. शॉर्ट करंट चारही चॅनेलला ६.८४-६.८५, जोडीत फरक जास्तीत जास्त ०.०१. कपलिंग ४७ चे, मिक्सरच्या पायावर डीसी १ मिलिव्होल्टच्या आत.

१०० ची रेघ चारही चॅनेलवर स्पेक्ट्रममधून गायब. पण ५० ची ती बारीक रेघ चॅनेल १ वर आता उठून दिसते, २ वर कमी, ४ वर नाही. झाकण लावलं की थोडी वाढते.

---

ओहमकार

चॅनेल १ ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्यात जवळ आहे ना? हा सप्लायचा नॉइज नाही, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आहे. एक्सएलआर ते कपॅसिटर या दोन तारांमध्ये जी मोकळी जागा राहिली आहे तीत ते शिरतंय. पिन २-३ च्या तारा पीळ घालून घट्ट करा. झाकण लोखंडी असणार, ते क्षेत्राला वाट दाखवतं.

पिन १ बोर्डापर्यंत तारेने नेली आहे का? नेली असेल तर तोडा, आणि कनेक्टरपाशीच डब्याच्या पत्र्याला जाड, आखूड तार. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हाच दोष उघडा पाडला होता : शील्डवरचा करंट बोर्डाच्या ग्राउंडमधून फिरवला की तो सिग्नलमध्ये उतरतो. मेन्सचं अर्थिंगही त्याच पत्र्याला, वेगळ्या बोल्टवर. बोर्डाचं ग्राउंड पत्र्याला एकाच जागी.

मग ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट सैल करा, हेडफोन लावा, चॅनेल १ चा गेन पूर्ण, आणि ट्रान्सफॉर्मर हळूहळू ९० अंशांपर्यंत फिरवा. मेन्सच्या टोकांवर आधी स्लीव्ह चढवा, हात तिथेच असणार आहे. इनपुटला माइकऐवजी पिन २-३ मध्ये १५० ओहम डाग दिलेला एक्सएलआर लावा, म्हणजे खोलीचा आवाज मध्ये येणार नाही.

---

खर्ज

पिन १ बोर्डातूनच फिरत होती, ती पत्र्यावर घेतली. तारांना पीळ घातला, रेघ अर्ध्यावर. ट्रान्सफॉर्मर साधारण ७० अंशांवर असताना ५० चा एक बारीक खड्डा सापडतो, दोन्ही बाजूंना पाच अंश सरकलं की परत चढतो. त्या जागी बोल्टची भोकं येत नाहीत, पत्र्याची पट्टी कापून नवी पाडतोय.

---

सोल्डरगन

झाकण लावून पुन्हा फिरवा, मगच भोकं पाडा. झाकणाने खड्ड्याची जागा सरकते.